मी न गेलेलं व्हिएतनाम

मी भूगोल शिकवते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. सासूबाईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली की मी काढून फेकते. तेव्हा हे वाचून "मॅडमचं डोकं फिरलं" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... मी स्वतःही म्हणून पाहिलंय.

आमचं विद्यापीठ नवा रायपूरच्या रस्त्यावर. नाव सांगत नाही — अजून नोकरी आहे. मागच्या वर्षी प्राध्यापकांसाठी व्हिएतनामचा अभ्यासदौरा निघाला. तिथली विद्यापीठं, नदीकाठची गावं बघायची आणि परत येऊन ते वर्गात शिकवायचं. त्रिभुज प्रदेश मी उभा जन्म फळ्यावर काढले, डोळ्यांनी एक पाहिला नाही. रिटायरमेंट जवळ आलेली, ही शेवटचीच संधी. पासपोर्ट काढला, गोल बाजारातून बॅगही आणली.

आणि सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नवरा म्हणाला, "तू जा, मी सुट्टी घेतो." पण आमच्या विभागप्रमुखांच्या कानावर गेलं. "मैडम, घर में सास बीमार है, आप कैसे जाएँगी? मैंने आपका नाम हटा दिया." विचारलंसुद्धा नाही हो मला! स्वतः मात्र लीडर म्हणून गेले. ते दोन आठवडे मी त्यांची लेक्चर्स घेतली आणि घरी बेडपॅन धुतलं.

मंडळी परत आली. स्टाफरूममध्ये मी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसले होते. इतिहासाच्या साहू मॅडम आल्या. माझ्याहून लहान, थट्टामस्करी त्यांच्या गावीही नाही.

"दीदी, पैर का छाला ठीक हुआ? वो नाव वाले दिन नई चप्पल ने काटा था न?"

मला वाटलं, ही बाई जखमेवर मीठ चोळून राहिली. अशी तापले मी! पण त्या गोंधळल्या. मग सांगू लागल्या — आम्ही दोघी एका खोलीत होतो, बोटीवर मी सगळ्यांना गाळ कसा साचतो ते समजावलं. बाकीच्यांना विचारलं, तर सगळे "हव, हव" म्हणत माना डोलवतात.

"फोटो दाखवा," म्हटलं. एकाही फोटोत मी नाही. हुश्श झालं! तर साहू म्हणतात, "खींच तो आप ही रही थीं, दीदी." आणि खरंच... ग्रुप फोटोत झाडून सगळे उभे. गाइडने काढले असतील म्हणाल, तर गाइडही मागच्या रांगेत दात काढून उभा.

घरी सांगितलं तर सासूबाई उखडल्या. "अवो बाप्पा! मंग मले रोज उचलून कोन बसवत होतं वं? तुयं भूत?"

यंदा पुन्हा दौरा निघाला. मी प्रमुखांकडे गेले.

"मैडम, आप तो हो आई हैं. अब किसी नए को मौका दीजिए."

मी पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला. एक शिक्का नाही. "सर, नाम तो आपने ही काटा था!"

"फिर जोड़ भी तो दिया था," ते हसून म्हणाले. पासपोर्टकडे बघितलंदेखील नाही. खोटं बोलणारा मला लगेच कळतो, आयुष्य परीक्षेच्या हॉलमध्ये गेलंय. ते खोटं बोलत नव्हते. ऑफिसात विचारलं, तर म्हणे दौऱ्याचे कागद ऑडिटला गेलेत. संपलं. माझी पाळी कुणीतरी वापरून टाकली.

साहूंना गाठलं. "मैं वहाँ कैसी थी?"

"बहुत खुश थीं, दीदी. आखिरी दिन तो होटल से निकल ही नहीं रही थीं. बोलीं, तुम लोग जाओ."

"फिर? मैं लौटी?"

त्यांनी आठवून पाहिलं. चेहरा हळूहळू उतरला. "...याद नहीं आ रहा, दीदी."

याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. तुम्हाला लागला तर सांगा. भीती नाही वाटली, खरं सांगते — संताप आला. मेली एकटीच राहिली तिकडे, आणि मला इथे ठेवून गेली.