बाहीतले दोन इंच

आमचे सासरे सैनिकी कॉलेजचे शिंपी. घोड्यांच्या जुन्या तबेल्यात बत्तीस पोरं आणि एक शिलाई मशीन घेऊन कॉलेज सुरू झालं, तेव्हापासूनचे. पहिल्याच वर्षी सहा महिन्यांत पोरांची मनगटं बाह्यांबाहेर आली आणि प्राचार्यांनी सासऱ्यांना सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवसापासून प्रत्येक बाहीत दोन इंच कापड आत दुमडून ठेवायचं. पोरगं वाढलं की टाके उसवायचे, बाही खाली.

जळायचे मात्र ते शेजारच्या खोलीतल्या न्हाव्यावर. घरची आठवण आली की पोरं त्याच्याच खुर्चीत रडायची. मोठे अधिकारी होऊन परत आली तरी "दादा, दादा" करत आधी त्याच्या गळ्यात. सासऱ्यांना लांबून नमस्कार.

"माझ्या तोंडात टाचण्या असतात, बोलणार कसा?" ते म्हणत.

"नसतात तेव्हा तरी कुठे गोड बोलता?" सासूबाई पोळपाटावरून.

कॉलेजला पन्नास वर्षं झाली. इतिहासाचं पुस्तक निघणार. त्यात कामगारांसाठी पान एक, फोटो एक. सासऱ्यांनी मिशा रंगवल्या. निवड झाली न्हाव्याची. वर त्याचा फोटोसाठीचा कोट शिवायचं कामही सासऱ्यांच्याच गळ्यात!

"बघ सूनबाई, असा आवळून शिवतो, की श्वास घेतला तर बटण उडेल."

"बाबा, बटण उडालं तर नाव कुणाचं निघेल?"

त्यांनी माझ्याकडे तिरकं बघितलं आणि कापडावर खडू ओढला. चार दिवस धुसफुसत शिवत होते. काजं मी केली.

समारंभात न्हावी फोटोसाठी आपल्या खुर्चीशी ऐटीत उभा राहिला. एक पिकल्या केसांचे अधिकारी, एके काळचे इथलेच विद्यार्थी, त्याची बाही नीट करायला गेले आणि त्यांची बोटं तिथेच थांबली.

"दादा, पासष्टीत अजून वाढणार आहात की काय?"

दुमडलेले दोन इंच! सगळे खो-खो हसले. सासरे पार ओशाळले. "हाताची सवय हो, साहेब."

साहेबांनी न्हाव्याचीच कात्री उचलली, टाके उसवले आणि बाही खाली सोडली. हसता हसता सांगू लागले, "बाही उसवली की मी घरी पत्र टाकायचो. आई, मी वाढलो." मग म्हणाले, "मास्तर, इकडे या."

बघता बघता सासऱ्यांभोवती कोंडाळं जमलं. खुर्चीपाशी न्हावी एकटाच.

"अहो, माझ्या फोटोचं काय?"

फोटो तसाच निघाला. पुस्तकात एक बाही पार बोटांवर लोंबतेय. शिंप्यानं दावा साधला, असं न्हावी गावभर सांगतो. पंधरा दिवस झाले, आमच्या दारावरून मान वळवून जातो. सासरे ते पान रोज उघडतात.

"चेहरा ठीकच आलाय त्याचा," म्हणतात. "पण बाही बघ, कशी झकास पडलीय!"