ग्लुकोज बंद केल्यावर

रूथताईंचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. "भाऊ, शांतवन उठंना," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... भिंगारमध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. धावत पोहोचलो, तर बेलापूरहून पहिल्या एसटीने आलेली ही त्याची धाकटी बहीण शांतवनच्या पायाशी बसलेली. रात्रीच कधीतरी हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. महिना होऊन गेला, पण शांतवनवरचा माझा राग अजून जात नाही.

शांतवन साळवे आणि मी नगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. त्याचा एक लाडका प्रयोग होता. एका चंबूत जिवाणूंना दोन साखरा द्यायच्या, ग्लुकोज आणि दुधातली साखर. ते आधी सोपं ग्लुकोज खातात. ते आहे तोवर दुसरी साखर समोर असूनही ती पचवायची जनुकं जवळजवळ बंदच. ग्लुकोज संपलं की वाढ थांबते, आलेखावरची रेघ आडवी होते. "सर, मेले!" पोरं दरवर्षी ओरडायची. "मेले नाहीत रे, आत स्विच चालू होतोय. धीर धरा." आणि खरंच रेघ पुन्हा चढायला लागायची. तेव्हा हा गडी असा खूश व्हायचा की विचारू नका.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको, मार्था वहिनी, गेली. दुःखाच्या घरी आमच्याकडे शेजारपाजारचे डबे जातात. काही दिवसांचा हा रिवाज, पण त्याचे डबे महिनोन्महिने चालू राहिले, कारण या माणसाने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. एक दिवस तोच माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, डबा बंद करा. ग्लुकोज समोर आहे तोवर माझा स्विच चालू व्हायचा नाही." आम्ही हसलो. आमच्या अख्ख्या विभागाला ते पटलंसुद्धा; असला शास्त्रशुद्ध मूर्खपणा जिवाणू शिकवणाऱ्यांनीच करावा. भडकल्या त्या फक्त रूथताई. "मानूस हाय त्यो, बाटलीतला किडा न्हाई. लई शिकले तुमी!"

डबे बंद झाले. त्याचे शर्ट सैल होत गेले. काय जेवलास म्हणून विचारलं की, "अरे, रेघ आडवी आहे अजून," म्हणून हसायचा आणि दारातूनच कटवायचा. हेच मला माफ करता येत नाही. कारण दुसरा चंबूही तोच दरवर्षी मांडायचा, ज्यात दुधातली साखर घातलेलीच नसायची. त्याचीही रेघ अशीच आडवी व्हायची. सुरुवातीला दोन्ही रेघा सारख्याच दिसतात... मग एक चढते, दुसरी चढत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! वहिनींनंतर त्याच्यासमोर दुसरी साखर होती कुठे? आम्हाला वाटलं, आम्ही आहोत की. आम्ही पुरलो नाही.

तो गेला त्या दिवशी संध्याकाळी कबरस्तानातून त्याच्या घरी परतल्यावर रूथताई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. आत तांदूळ, धुऊन भिजत घातलेले, आदल्या रात्रीचे. शेगडी पेटलीच नव्हती. "हे दोघांचं हाय," त्या म्हणाल्या, "वहिनी येवढंच घ्यायची." तुम्ही येणार हे त्याला माहीत होतं का, मी विचारलं. "न्हाई वो. सांगितलं असतं तर नको म्हनला असता."

दिवसभराच्या उकाड्यात पाण्यावर बारीक बुडबुडे आले होते, आंबूस वास सुटला होता. जिवाणूंनी मिळालं त्यात भागवून घेतलं होतं. मी पातेलं मोरीकडे नेऊ लागलो, तर रूथताईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. पाणी ओतून दिलं, तांदूळ पुन्हा धुतले, गॅस पेटवला. दोन ताटं मांडली. भात आंबट लागत होता. आम्ही शितभरही उरू दिला नाही.