आमच्या बँडचं सावकाश इंग्रजी गाणं

सत्तरच्या दशकातली इंग्रजी गाणी असा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं रंगात येतात. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत दोघं तर असे आहेत की गायक कोण, गाणारी बाई कोण, कोणतं गाणं किती गाजलं, सगळं त्यांना तोंडपाठ. आपण तेव्हा काय काय ऐकलं हे ते एकमेकांना रोज नव्यानं सांगतात. मी गुमान चालत राहतो. त्या अख्ख्या दहा वर्षांतलं मला एकच इंग्रजी गाणं येतं आणि तेही साईड ड्रमवर. पण ते असं येतं की या दोघांना सात जन्मांत यायचं नाही.

आमचं घर विणकरांचं, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीतलं. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं. ते वर्षभर हातमागावर बसायचे आणि लग्नसराई आली की लाल कोट चढवून बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. मी दिवसा गांधीबागेत कापडाच्या दुकानात मापं घ्यायचो आणि सराईत त्यांच्या मागे उभा राहून साईड ड्रम वाजवायचो. ताल मला त्यांनीच शिकवला, मागाजवळ बसवून. धोटा इकडून तिकडे गेला की एक मात्रा. तेवढ्या वेळात गुडघ्यावर दोन थापा बसल्या की झाली दुगुन. चुकलो तर धोटा थांबायचा आणि मोठे बाबा नुसते बघायचे. त्यापेक्षा मार परवडला असता.

पण त्या सुमारास त्यांची छाती बोलायला लागली होती. जन्मभर सुताची धूळ खाल्लेली, वर फुंकणं. दवाखान्यात सांगितलं, फुंकायचं सोडा. हे म्हणाले, बरं, आणि दुसऱ्या दिवशी सावनेरच्या वरातीला गेले. त्यात तेव्हाची सिनेमाची गाणी अशी धावती की तरण्याताठ्याचाही जीव जावा. मोठे बाबा अर्धी ओळ वाजवायचे, श्वास तुटायचा आणि ती फट मी ड्रमच्या गडगडाटानं बुजवायचो. नाचणाऱ्यांना कळत नसे. बँडच्या मालकाला कळत होतं.

आमचा मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं मोठ्या बाबांना बाजूला घेऊन चहा पाजला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "दादा, तुम्ही घरचे माणूस. पण धरमपेठची वरात आहे, मोठी पार्टी आहे. तिथं बेइज्जती नको. ही वरात निभली तर पूरा सीझन तुमचा. नाही निभली तर तुम्ही झांज घ्या, मी कामठीच्या पोराले पुढं उभा करतो." कामठीचा पोरगा म्हणजे आमचा नवा क्लॅरनेटवाला. तरुण, छाती भात्यासारखी. झांज कोणाच्याही हातात देता येते, हे बँडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. घरी येताना वाटभर मोठे बाबा क्लॅरनेटची पेटी काखेत धरून चालले. एरवी ती ते मला देत.

त्या वरातीतला नवरदेव अमेरिकेत शिकून आलेला. त्याच्या घरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी रेकॉर्ड आली आणि निरोप आला की वरातीत ही धून वाजलीच पाहिजे, नवरदेवाची फर्माईश आहे. वर इंग्रजीत काय छापलं होतं ते आमच्यापैकी कोणालाच धड वाचता आलं नाही. आम्ही सगळे मग आमच्या गल्लीतल्या लाउडस्पीकरवाल्याकडे गेलो. लग्नात, गणपतीत भोंगे लावायचा त्याचा धंदा होता. त्याच्या रेकॉर्ड-प्लेअरभोवती आमची वरात बसली.

पहिली पंचाईत ही की रेकॉर्डच्या मध्ये हे एवढं भोक. मशीनचा खिळा बारीक. रेकॉर्ड नुसती डगडग हलायला लागली. मोठ्या बाबांनी मला घरी पिटाळलं, मागावरची सूत गुंडाळायची एक पोकळ लाकडी कांडी आणायला लावली. लाउडस्पीकरवाल्यानं तिचा इंचभर तुकडा कापला, मोठ्या बाबांनी त्यावर सूत गुंडाळून गुंडाळून तो भोकात घट्ट बसवला. मग सुई टेकली आणि गाणं सुरू झालं.

पुरुषाचा आवाज होता. भारी, खालचा, काहीसा थकलेला. एकेक सूर ठेवल्यासारखा टाकत होता, घाई म्हणून नाही. मागे बायकांसारखं कोणीतरी साथ देत होतं, पण तेही भजनात बसलेल्या वयस्क माणसांसारखं. शब्द एक कळेल तर शपथ. पण मला आजही आठवतं, मोठ्या बाबांचा चेहरा पाहता पाहता सैल झाला. "हा माणूस दम धरून गाऊन राहिला गा," ते म्हणाले. "याले कोणी हाकलून नाही राहिलं." मग त्यांनी क्लॅरनेट काढली आणि तिसऱ्या वेळेलाच पहिली ओळ उचलली. मध्ये श्वास घ्यायला जागाच जागा होती. मला इतका आनंद झाला की मी लाउडस्पीकरवाल्याच्या पोराचा गालगुच्चा घेतला.

वरातीपर्यंत रोज संध्याकाळी आमचं तेच. ते ऐकून मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, म्हणायची, अमेरिकेतही कोणाची तरी पोरगी सासरी जाऊन राहिली असन, म्हणून एवढा जीव तोडून गाते बिचारा.

वरात निघाली ती ऊन उतरायच्या आधीच, कारण मुहूर्त गोरजाचा. नवरदेव घोडीवर. पुढे त्याचे मित्र, खाली घेरदार पँटी, डोळ्यांवर काळे चष्मे. दोन सिनेमाची गाणी कशीबशी पार पडली. मग मालकानं हात वर केला आणि मोठ्या बाबांनी आमचं इंग्रजी गाणं धरलं. फार सुरेख धरलं. मित्रमंडळी आधी ओळखीचं हसली आणि नाचायच्या तयारीत उभी राहिली. उभीच राहिली. एकजण दुसऱ्याकडे बघायला लागला. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, ये क्या मय्यत निकली है!" आणि हशा पिकला. घोडीवरून नवरदेव हात हलवून सांगत होता, "फास्ट! फास्ट घ्या!" मित्रांनी टाळ्या वाजवून आम्हाला चाल दाखवायला सुरुवात केली. ती चाल भलतीच पळती होती.

मोठ्या बाबांनी प्रयत्न केला. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसऱ्या ओळीत क्लॅरनेट किंचाळली आणि बंद पडली. मालकानं मागे वळून पाहिलं. कामठीच्या पोरानं आपली क्लॅरनेट ओठाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. त्याच्याकडून वाजवणं होईना. ते त्याचं मोठेपण मी विसरलेलो नाही.

मोठे बाबा वाकून खोकत होते. त्यांची नजर झांजवाल्याच्या हाताकडे गेली. मी पुढचा विचार केला नाही. ड्रमवर दुगुन धरली. आमचीच सावकाश चाल, तिच्या एका मात्रेत दोन ठोके, मग चार, कडाकडा. आणि ओरडलो, "मोठे बाबा, तुम्ही तुमच्याच चालीनं घ्या! पायाचं मी पाहतो!"

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि क्लॅरनेट उचलली. वर तेच लांबलचक सूर, निवांत, आणि खाली ड्रम धावतोय. पाठोपाठ ढोलवाला आला, मग झांज, मग ट्रम्पेटवाले. मित्रांचे पाय आधी अडखळले आणि मग असे सुटले की विचारू नका. एकाचा चष्मा पडला, त्यावर दुसरा नाचला. नवरदेव घोडीवरून उतरला. त्याचे काका "अरे, उतरू नये, अपशकुन असतो" म्हणत मागे धावले आणि दोन पावलांत तेही नाचायला लागले. धरमपेठेतला तो सबंध रस्ता आम्ही तेच एक गाणं वाजवलं. मांडवाच्या दारात मालकानं मोठ्या बाबांना पाणी दिलं, स्वतःच्या हातानं. झांजेचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या सराईत लोक येऊन सांगायचे, ते सावकाश इंग्रजी वाजवा. सराई संपली तेव्हा मोठ्या बाबांनी कामठीच्या पोराला घरी बोलावलं आणि आपली क्लॅरनेट पेटीसकट त्याच्या मांडीवर ठेवली. "माह्याकडून कोणी काढून नाही घेतली," ते मला नंतर म्हणाले. "मी देल्ली." त्यांना हे सांगायचंच होतं आणि मला ते ऐकायचंच होतं.

पुढे काही वर्षांनी कॅसेटी आल्या. सीताबर्डीवर एका दुकानासमोरून जाताना आतून एक बाई गात होती, चिमणीसारखी टणटणीत, हसत, धावत. मी पुढे गेलो आणि थबकलो. पाय आपोआप दुगुन धरत होते. आत जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, हे गाणं असंच आहे, पहिल्यापासून बाईच गाते. मी त्याला आमच्या रेकॉर्डची हकिगत सांगितली. तो हसत सुटला. म्हणाला, छोटी रेकॉर्ड जोरात फिरवायची असते भाऊ, मोठी सावकाश. मशीनला त्याचा खटका असतो. तुम्ही छोटी मोठीच्या चालीवर फिरवली. तेव्हा मला आठवलं, लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनवर तो खटका होता. कोणी पोरांनी हात लावू नये म्हणून त्यानं तो एका जागी बसवून वर चिकटपट्टी लावून टाकली होती. त्याच्याकडे लग्नाच्या मोठ्या रेकॉर्डीच असायच्या, त्याला गरज काय पडणार?

मी ती कॅसेट घेतली, शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. मोठे बाबा तेव्हा खाटेवरच असायचे. गाणं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मी घाबरत घाबरत खटक्याचं, चिकटपट्टीचं सगळं सांगितलं. वाटलं, आता यांना वाईट वाटेल.

"म्हणजे आपण पूरं चुकीचं वाजवलं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी कॅसेट बंद करायला लावली. मग म्हणाले, "खऱ्या चालीनं असतं, तर त्याच दिवशी माह्या हाती झांज आली असती." आणि मला फर्मावलं, "जा, त्या लाउडस्पीकरवाल्याले बोलावून आण. चहा ठेवाले सांग."

लाउडस्पीकरवाला आला, बिचकतच. काही बिघडवलं की काय, असा चेहरा. मोठ्या आईनं चहा दिला. मोठ्या बाबांनी मला खुणावून, हातमाग बंद व्हायच्या आधी स्वतः विणलेलं एक उपरणं काढायला लावलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"हे काहून गा, दादा?" तो गोंधळून गेला.

"तुह्या मशीनवर एक पट्टी होती चिकटवलेली. आहे का अजून?"

"आहे न. काहून?"

"राहू दे," मोठे बाबा म्हणाले. "काढू नको."