आडनावातला ‘कर’

मी एकदा माणसांच्या आडनावांची शेपटं कापली आणि त्यांना भलत्याच गावी पाठवून दिलं. माझी कवळी विहिरीत कशी पडली, हे नातवंडांना साभिनय करून दाखवणारी मी — पण हे? हे तोंडातून कधी निघालं नाही.

ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती. रत्नागिरीत एका संस्थेत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढे मी. पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स, बॉबकट. रिक्षातसुद्धा अशी ताठ बसायची, जसं काही ते मशीन मीच जन्माला घातलंय! बालवाडीच्या शिक्षिका नेमायच्या होत्या, मुलाखतीची पत्रं काढायची होती. अर्जावर गाव असायचं, पण ते एकेक टाइप कोण करणार? मी युक्ती काढली — आडनावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं, के-ए-आर, उडवायची. उरेल ते गाव. पावसकर घातलं, पावस आलं. साहेब म्हणाले, “वा!” झालं, मी हवेत. आडनाव एका गावचं आणि चूल दुसऱ्याच गावात — कोकणात जन्मून एवढं सुचू नये मला?

सुमती राजापूरकर राहायची पावसला. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. पदरात दोन मुली, आणि नोकरीसाठीची वयोमर्यादा ती त्याच वर्षी ओलांडणार होती. तिचं पत्र राजापूरला गेलं, तिथे फिरत राहिलं, आणि मुलाखती उरकल्यावर माझ्याच टेबलावर परत आलं. पाकीट बघितलं आणि कळलं. तेव्हा तरी उठून साहेबांकडे जायचं — पाय होते ना मला? मी ते घरी नेलं आणि बंबात घातलं.

मग ती आली. भर उन्हात, एसटी स्टँडवरून चालत. पत्र का आलं नाही, एवढंच विचारत होती. मी तिचा अर्ज काढलासुद्धा नाही. म्हटलं, “गाव तुम्हीच चुकीचं लिहिलंत. मशीन चुकत नाही.”

मशीन नव्हतंच चुकलं. सांगितलं तेवढंच त्याने कापलं होतं.

पुढे तिचं काय झालं, मुलींचं काय झालं — ठाऊक नाही. पावसची एसटी रोज सुटायची. मी कधी चढले नाही.

त्या दिवशी माझ्या टेबलापुढे ती रडली नाही. माझा उतरलेला चेहरा बघून मलाच समजावत म्हणाली, “माजाच कायतरी चुकला आसंल, ताई. तुमी नका जिवाला लावून घेव.”