कैऱ्या आमच्या, डाळ मिश्राभाभींची

कॉलनीतल्या मैत्रिणींनो, रागावू नका, पण आज मी तुमच्यातल्या प्रत्येकीवर संशय घेतला.

सकाळी बघते तर आमच्या क्वार्टरच्या अंगणातल्या झाडाला एकही कैरी नाही! आणि संध्याकाळी चैत्राचं हळदीकुंकू. आंबाडाळ दरवर्षी माझ्याकडे. शेवटी बाजारातून कैऱ्या आणून केली.

संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये शेजारच्या मिश्राभाभींनी डबा उघडला. त्यातही आंबाडाळ! चाखली. आमच्याच झाडाचा आंबटपणा.

"भाभी, ये कैरी कहाँ की है?"

 त्यांची नजर माझ्या सासूबाईंकडे गेली.

सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मीच तोडून दिल्या. एकदा तरी चांगली डाळ खाऊ दे लोकांना."

आता खरं सांगा. दरवर्षी माझा डबा रिकामा होऊन घरी यायचा. मग ती डाळ जायची कुठे?