तन्वीच्या आलेखातले कमी चढउतार

मंडळी, आज सकाळी कॉलेजात मी माझ्या विद्यार्थिनीवर खोटेपणाचा संशय घेतला.

तन्वीच्या प्रकल्पात संगणकावर एका रेषेत हजारो कण आहेत. एकमेकांना ओलांडायचं नाही, शेजारची जागा रिकामी असेल तरच सरकायचं. रेषेच्या एका तुकड्यातले कण पुन्हा पुन्हा मोजायचे. तो आकडा चांगला वरखाली व्हायला हवा. तिच्या आलेखात तो जेमतेम हलत होता.

"नको ते आकडे गाळलेस ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"ना मॅडम, हांवें कांयच बदलूंक ना!" आपण काहीच बदललं नाही, असं रडवेली होऊन ती कोकणीतच म्हणाली आणि पेडण्याची बस धरायला निघून गेली.

दुपारी डिचोलीला घरी येऊन मीच प्रोग्रॅम चालवला. उत्तर तेच. मग सुरुवातीची फाइल उघडली. सगळे कण अगदी सारख्या अंतरावर मांडलेले, म्हणून चढउतार दबले होते. ती फाइल तिला मीच दिली होती. कण वाटेल तसे विखुरून पाहिले आणि आकडा हवा तसा हलू लागला.

लगेच फोन करून माफी मागितली. "ठीक आहे मॅडम," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

त्या 'ठीक आहे'वर माझा विश्वास बसत नाही. संशय सगळ्यांसमोर घेतला आणि माफी फोनवर मागितली. तिच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हाला एवढं पुरलं असतं?