दिलदारभाईंचं ‘हाय की’

मंगळवार पेठेत दिलदार शिकलगारांचं दुकान विचारा, पेठेतली माणसं आधी हसतील आणि मग म्हणतील, "हाय की, म्होरच्या बोळात!" कारण ‘हाय की’ हे दिलदारभाईंचं ठेवणीतलं उत्तर. लग्नांचं शूटिंग करण्यात या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं. थोरल्याच्या वरातीचा व्हिडिओ मिळेल का? हाय की. बारशाचे फोटो? हायत की. कागलच्या एका पावण्यांनी लग्नाचा पेनड्राइव्ह पँटसकट धुतला आणि वर हसत सांगितलं, "भाईकडं हाय की!" आपली आठवण आपण सांभाळावी, असं कुणाला वाटतच नव्हतं, आणि दिलदारभाईंना त्याचाच मोठा अभिमान.

त्या अभिमानानंच घात केला. गुळाचे व्यापारी धनपाल मगदूम वारले, तेव्हा दिलदारभाई भेटायला गेले. धनपालअण्णा म्हणजे ‘एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं’ या बाण्याचा माणूस. गुळाचा भाव दुसऱ्यांदा विचारला तर नुसते असे बघायचे, की विचारणाऱ्याला घाम फुटायचा. त्यांची लेक दीपा कोपऱ्यात बसून रडत होती. काय बोलावं ते सुचेना, म्हणून दिलदारभाई बोलून गेले, "ताई, तुमच्या लग्नात अण्णा कॅमेऱ्यासमोर तुमच्यासाठी बोलल्यात. व्हिडिओ लांबत हुता म्हणून तेवढं मी गाळलं. पर मूळ शूटिंगात हाय की! आणून देतो."

दीपाला हे ठाऊकच नव्हतं. ती रडायची थांबली.

आता दुकानातल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला हवी. दिलदारभाईंची लेक आफशीन लग्न होऊन इचलकरंजीला जायच्या आधी त्याला दुसरी डिस्क जोडून गेली होती. रोजच्या कामाची नक्कल तिच्यावर आपोआप उतरायची. जाताना पोरीनं बजावलं होतं, "अब्बा, बॅकअप म्हणजे गोडाऊन न्हवं. अस्सल हिकडं ऱ्हाऊ दे, नक्कल तिकडं." अब्बांनी मान डोलावली. पुढं लग्नसराईत कॉम्प्युटर भरला, तेव्हा त्यांनी जुनी लग्नं त्यावरून काढून टाकली. तिकडं हाय की!

मग तिकडचीही डिस्क भरली. पडद्याच्या कोपऱ्यात निरोप यायला लागला: जागा संपली, बॅकअप झाला नाही. नेमका पडद्यावरच्या नवरीच्या तोंडावर. दिलदारभाईंनी कचऱ्याचा डबा रिकामा केला, चार गाणी उडवली. दोन दिवस शांतता, पुन्हा निरोप. शेवटी वैतागून सेटिंग उघडलं, तर तिथं एक चौकोन दिसला: जागा कमी पडल्यास जुने बॅकअप आपोआप काढा. दिली टिचकी. निरोप कायमचा बंद. चहावाल्याला त्यांनी ऐटीत सांगितलं, "दुरुस्ती घरच्या घरी केली बघ!"

यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकतं. जागा लागली की ते सगळ्यात जुना बॅकअप पुसायचं, आणि जुनी लग्नं नेमकी त्या जुन्या बॅकअपमध्येच उरली होती. इकडून मालकानं काढली, तिकडून यंत्रानं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. पण म्हशीला तरी कशाला बोल लावायचा?

दीपाच्या लग्नाचं शूटिंग सापडेना, तेव्हा त्यांनी आफशीनला बोलावून घेतलं. तिनं पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. "अब्बा, त्या जागेवर दुसरं लिहून झालंय," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिनं जुन्या कामांसाठी दोन वेगळ्या डिस्क आणल्या आणि जागा संपत आली की निरोप आपल्या फोनवर यावा अशी सोय केली. वरातीमागून घोडं. ‘गोडाऊन’ हा शब्द तिनं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं दिलदारभाईंना वाटलं.

दीपा आली ती नवाकोरा पेनड्राइव्ह घेऊन. दिलदारभाईंनी खुर्ची पुसली, चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. चौकशी संपली, तेव्हा म्हणाले, "ताई, न्हाय."

"काय न्हाय?"

"अण्णांचं बोलणं. गेलं. माझ्याच हातनं गेलं."

ती हातातल्या पेनड्राइव्हकडं बघत राहिली. "मग काय म्हणालेले, तेवढं तरी सांगा. तुम्ही समोरच होता की."

समोर तर होतेच, कानाला हेडफोन लावून. शेकडो बापांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. सुखी राहा, सासरचं नाव काढ. त्यातलंच एखादं वाक्य अण्णांच्या तोंडी घातलं असतं तर पोरीनं डोळे मिटून ते जन्मभर जपलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"खरं सांगतो, शब्द आठवत न्हाईत. फेट्याची सावली कपाळावर पडत हुती, ती आठवती. अण्णा बोलत असताना बँड सुरू झाला. मग मीच म्हटलं, अण्णा, परत बोला. ते परत बोलले. दोन्ही टायमाला मी नुसता आवाजाचा काटा बघत हुतो, ताई."

"परत बोलले?" दीपानं मान वर केली. "अण्णा? तेच? दुसऱ्यांदा?"

"व्हय. पहिल्यापासनं, सगळं."

दीपाला हुंदका आवरेना. दिलदारभाई समोर हात जोडून उभे राहिले. ज्यानं जन्मात कुणाला दुसऱ्यांदा काही सांगितलं नाही, तो लेकीसाठी दोनदा बोलला होता, आणि त्यातलं एकदाचंही त्यांना सांभाळता आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ती गेल्यावर बोळातल्या एका बाईनं दारातून डोकावलं. "भाई, आमच्या बारक्याच्या जावळाचं फोटो तुमच्याकडं हायत न्हवं?"

जीभ सवयीनं वळलीच होती. दिलदारभाईंनी ती आवरली.

"बसा," ते म्हणाले. "बघून सांगतो."